पोटखराबा

माणगावला एस.टी. मुंबई-गोवा महामार्ग सोडते, मोर्बा, साई करत घोणसे घाट उतरते आणि म्हसळ्याला पोचते. तिथून मावशीचं गाव रिक्षाने अर्धा तास, खाडीला लागून. लहानपणी मे महिन्यात जायचे तेव्हा आंबे, फणस आणि दुपारची सक्तीची झोप एवढंच ते गाव होतं. खाडीवर जायला बंदी, कारण चिखलात पाय रुतला की माणूस निघत नाही म्हणे. वरच्या कातळावर जायलाही बंदी, कारण तिथं फुरसं. गावाच्या दोन टोकांना दोन जागा आणि दोन्ही आम्हा पोरांना वर्ज्य. पन्नाशी ओलांडल्यावर त्या दोन जागा बघाव्यात असं मनात आलं, त्याला निमित्त एका कागदाचं झालं.

वैशाख होता. काका ओटीवर सातबारा पसरून बसले होते. कर्जाचं काहीतरी चाललं होतं आणि चष्मा सापडत नव्हता, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे आलं. लागवडीखालचं क्षेत्र वाचलं. त्याखाली दुसरा रकाना: पोटखराब, वर्ग (अ), लागवडीस अयोग्य.

"यात काय आलं?"

"खालचं खाजण नि वरचा कातळ," काका म्हणाले. "नावावर आहे म्हणून आपलं म्हणायचं. खाली मीठ, वर दगड. सरकारसुद्धा त्यावर सारा घेत नाही, यावरून समज."

कातळाचं काय करायचं ते मात्र त्यांनी ठरवलं होतं. जेसीबी लावून खड्डे फोडायचे, डंपरने माती आणायची आणि हापूसची कलमं लावायची. कर्ज त्यासाठीच होतं. मावशी आतून म्हणाली, "इतकी वर्षं काही उगवलं नाही तिथं, आता आंबे येणार." काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

खाडी दाखवायला काकांनी त्यांच्या एका जुन्या दोस्ताला सांगितलं. गावातल्या कोकणी मुसलमान वस्तीतले, सत्तरीचे, होडी स्वतःची. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं, मीही तेच म्हणाले. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पाणी पार ओसरलेलं असेल, तेव्हा चिखल बघून घे, मग चढत्या पाण्याबरोबर आत जाऊ, असा त्यांचा बेत. उधाण आणि भांग या दोन शब्दांवर त्यांचं सगळं पंचांग चालतं. मी सव्वासातला पोचले आणि पहिल्या दहा पावलांत एक चप्पल चिखलाला वाहून बसले. ती अजून तिथंच आहे.

म्हसळा तालुक्याला दोन खाड्या लाभल्या आहेत. दक्षिणेला सावित्री, जिच्या काठावर बॅरिस्टर अंतुल्यांचं आंबेत. आणि पश्चिमेला राजपुरी खाडीचा हा फाटा, जो दिघी-आगरदांड्यापासून आत घुसत म्हसळ्यापर्यंत येतो. संस्थानाच्या काळात म्हसळा हा जंजिऱ्याचा एक महाल होता. जंजिरा बघायला लाखो लोक येतात. त्याच खाडीच्या या टोकाला कोणी येत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ओहोटीचा चिखल म्हणजे काळा लोण्याचा गोळा. त्यात बोटभर खाली गेलं की हवा संपते; जिवाणू उरतात आणि सडक्या अंड्याचा तो ओळखीचा वास. अशा जागी कुठलंही शहाणं झाड मूळ घालणार नाही. पण समोर तिवरांची रांग उभी होती आणि तिच्या पायाशी, जिथंवर नजर जाईल तिथंवर, चिखलातून पेन्सिली वर आलेल्या. वीतभर उंचीच्या, हजारोंनी. ही तिवराची श्वासमुळं. जमिनीत आडवी पळणारी मुळं ठरावीक अंतराने असा एकेक कोंब आकाशाकडे पाठवतात. चिप्पीची श्वासमुळं याहून जाड, शंकूसारखी. कांदळाचा प्रकारच वेगळा: त्याचं खोड जमिनीला टेकतच नाही, चहूबाजूंनी कमानी टाकून त्यांवर उभं राहतं.

ही मुळं श्वास घेतात हे नुसतं म्हणायला सोपं आहे. पेर शोलँडर या शास्त्रज्ञाने १९५५ साली ते सिद्ध केलं, आणि त्याची युक्ती मला फार आवडते: त्याने कमानीवरची बारीक छिद्रं ग्रीस फासून बुजवली. चिखलातल्या मुळांमधला ऑक्सिजन झपाट्याने उतरला. खरी मौज भरतीच्या वेळची. छिद्रं पाण्याला आत घेत नाहीत. पाण्याखाली असताना मूळ आतला ऑक्सिजन वापरून टाकतं, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो, म्हणून आतला दाब कमी होतो. पाणी उतरून छिद्रं उघडी पडली की बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. म्हणजे दिवसातून दोनदा येणारी जी भरती झाडाला गुदमरवते, तीच त्याचा भाता ओढते. हे चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग? भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढतं, तेव्हा तिवर सुस्त असतं. आम्हाला दिसतं ते." सुस्त म्हणजे नेमकं काय ते त्यांना सांगता येईना, पण मी ते खोडून काढायला गेले नाही.

मग त्यांनी एक पान तोडून माझ्या हातात दिलं. "चाट."

चाटलं. खारट, म्हणजे चक्क मिठाचं. उन्हात धरलं तर पानावर बारीक खडे चमकत होते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. तिवराची मुळं त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त बाहेरच अडवतात, आणि जे आत शिरतं ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकलं जातं. काजळा आणि मारांडीही तेच करतात. कांदळाकडे अशा ग्रंथी नाहीत; तो सगळा भार मुळांच्या गाळणीवर टाकतो. खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी असं ओढून घ्यायला हवेच्या दाबाच्या पंचवीसपटीहून जास्त ओढ लागते. शोलँडरनेच १९६५ साली खारफुटीच्या फांद्या दाबपात्रात घालून ती मोजली. शहरांत पाणी गोडं करायला जे यंत्र बसवतात तेच काम हे झाड बिनविजेचं, बिनआवाजाचं करतं. फुकट मात्र करत नाही. ग्रंथी चालवायला ऊर्जा लागते, पाणी जपून वापरावं लागतं, वाढ मंद होते.

आणि इथं माझा एक जुना समज मोडला. मला वाटायचं, खारफुटीला मीठ लागतं. तसं नाही. प्रयोगांत तिवर निम्म्याहून कमी खारट पाण्यात जोमाने वाढतं. मग गोड्या नदीकाठी ते का दिसत नाही? कारण तिथं बाकीची सगळी झाडं असतात, आणि त्यांच्या गर्दीत ही सावकाश वाढणारी, ग्रंथी आणि गाळण्या सांभाळत बसणारी झाडं मागे पडतात. मिठामुळे इतरांची वाट बंद होते. तिवराच्या दृष्टीने खाडीतलं मीठ हे कुंपण आहे.

या कुंपणाच्या आत कोण कोण राहतं ते बघितलं तर आणखी गंमत. आपण सगळ्यांना मिळून 'कांदळवन' म्हणतो, जणू एकाच कुळातली भावकी. पण तिवर हे अडुळसा, अबोली आणि कारवीच्या कुळातलं. काजळ्याचं नातं वावडिंगाशी. हुरा, ज्याचा चीक डोळ्यात गेला तर आंधळं व्हायची पाळी येते, तो एरंडाच्या कुळातला. आणि चिप्पी डाळिंब, मेंदी आणि तामण यांची आप्त. तामण आपलं राज्यफूल. पांढऱ्या चिप्पीला २०२० साली राज्याचा कांदळवन वृक्ष ठरवलं. दोन्ही मान एकाच कुळात गेले हे तो निर्णय घेणाऱ्यांच्या ध्यानात होतं की नाही कोण जाणे. जगभरात खारफुटीच्या सुमारे ७० जाती आहेत आणि त्या वीसेक कुळांत विखुरलेल्या. म्हणजे निरनिराळ्या घराण्यांतले एकेक वांड पोरगे निरनिराळ्या काळी घर सोडून चिखलात उतरले आणि प्रत्येकाने आपापल्या परीने तीच अडचण सोडवली. कोणी मीठ गाळलं, कोणी थुंकलं, कोणी जाड पानांत पाण्याबरोबर साठवलं. मारांडी आणि तिवर तेवढे एका कुळातले, आणि दोघेही मीठ थुंकणारे.

पाणी चढलं तशी होडी आत गेली. कांदळाखालून जाताना डोक्याला काहीतरी लागलं. वर बघितलं तर हिरव्या शेंगा, हातभर लांब, टोकाला निमुळत्या. "ही शेंग नव्हे, पोर आहे," चाचा म्हणाले, आणि ते शास्त्राला धरून होतं. कांदळाचं बी फळातून सुटतच नाही. झाडावर असतानाच त्याला मोड येतो, फळ फोडून तो खाली वाढत राहतो आणि तयार रोप होऊन पावसाळ्यात गळतं. ओहोटी असेल तर तिथंच चिखलात रुतायचं, भरती असेल तर तरंगत जाऊन दुसरा किनारा शोधायचा. रुजणं हा वनस्पतीच्या आयुष्यातला सगळ्यात नाजूक टप्पा. नेमका तोच मिठात काढायचा धोका ही आई पत्करत नाही.

दुपारी जेवताना हे सांगत होते तर काका पहिल्यांदाच कान देऊन ऐकू लागले. "अगं, आम्ही दुसरं काय करतो? रहू म्हणजे तेच." आणि उठून आतून मूठभर भात घेऊन आले. लालसर, जाड दाण्याचं.

खार जमिनीतली भातशेती हा रायगडचा जुना उद्योग. खाडीला बांध घालायचा, पाणी काढायला उघाडी ठेवायची, आणि जूनच्या पावसाने जमिनीतलं मीठ धुऊन जाईपर्यंत थांबायचं. तरी ते पूर्ण जात नाही. म्हणून बियाणं भिजवून, मोड आणून, मग चिखलात फेकायचं. याला रहू म्हणतात. रुजण्याचा टप्पा घरात गोड्या पाण्यात उरकायचा. काकांच्या हातातलं भात राता. काळा राता आणि भुरा राता हे मिठाला टिकणारे जुने वाण इथल्या शेतकऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या निवडले: ज्या वर्षी बांध फुटला त्या वर्षी जे तगलं, त्याचं बी पुढे. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे याच रात्याचा वंश घेऊन 'पनवेल-१' काढलं. त्याचा एक पालक भुरा राता आणि दुसरा आयआर-८, हरितक्रांतीतला तो जगप्रसिद्ध वाण. कांदळ आणि कोकणी शेतकरी एकाच उत्तरावर पोचले, फरक वेळेचा. कांदळाला लाखो वर्षं लागली. शेतकऱ्याला काही शतकं पुरली, कारण निवड करायला डोळे होते.

"मग राता अजून लावता?"

"अर्ध्या खाचरात. उत्पन्न कमी येतं, पण बांध फुटला तर तोच हातात राहतो." मावशीने मध्येच सांगितलं की त्याची पेज चांगली होते, आणि विषय तिथं संपला.

निघताना चाचांनी ३ जून २०२० ची गोष्ट सांगितली. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चढलं. सुपारीच्या वाड्या झोपल्या, माडांची डोकी उडाली. चाचांनी होडी आदल्या दिवशी तिवरांच्या आत नेऊन बांधली होती. "माझ्या घराची कौलं गेली, होडीला ओरखडा नाही," असं म्हणून ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

कातळ राहिला होता. वैशाखात दुपारी वर गेले तर काकांचं म्हणणं पटलं. काळाठिक्कर जांभा, तापलेला, वाळक्या गवताच्या काड्या, आणि एक टिटवी जी मला बघून ओरडत सुटली. पण तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी मला बजावलं होतं: गौरी-गणपती झाले की या, त्याआधी मत देऊ नका.

भाद्रपदात गेले. पाऊस उघडून दोन दिवस झाले होते. चढ संपला आणि पाऊल टाकायला जागा राहिली नाही. सगळा सडा जांभळानिळा. सीतेची आसवं. इतकी की कातळाच्या खळग्यांत आकाश सांडल्यासारखं वाटावं. मधूनमधून गेंदाची पांढरी बटणं आणि कवल्याची पिवळी फुलं. टिटवी तीच असावी.

जांभा कसा तयार होतो ते कळलं की ही फुलं जास्त कळतात. इथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लाखो वर्षं असा पाऊस काळ्या दगडातून झिरपत राहिला, पोषक ते सगळं धुऊन नेलं आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियमची भस्मं ठेवली. गंजाचा दगडच म्हणा. त्यावर माती बोटभर. चार महिने तिथं दलदल, आठ महिने तवा. नायट्रोजन नावालाच. गुडघे टेकून, नाक कातळाला लावून बघितलं (मागून काकांचा आवाज: "फुरसं बघून बस गं"), तर आसवांच्या शेजारी लालसर केसाळ काड्या उभ्या. प्रत्येक केसाच्या टोकाला चमकता थेंब. दवबिंदू. उन्हं चढली तरी न सुकणारं हे दव चिकट असतं. एक चिलट त्यात अडकलं होतं, धडपडीने आणखी केसांना चिकटत होतं, आणि पान अगदी सावकाश त्याच्यावर वळत होतं. दगड देत नाही तो नायट्रोजन दवबिंदू असा हवेतून उतरवून घेतो. डार्विनने दवबिंदूच्या युरोपातल्या भावंडावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर पुस्तक लिहिलं. नंतर त्याच्या मुलाने, फ्रान्सिसने, दाखवून दिलं की किडे खाऊ घातलेल्या झाडांना बी जास्त धरतं.

सीतेची आसवं दिसायला साध्वी, पण ती त्याहून कसलेली शिकारी. तिला खरं मूळच नाही. ओल्या मातीत धाग्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे असतात. फुगा आतलं पाणी बाहेर टाकून पोकळी तयार करतो आणि दार लावून बसतो. एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार उघडतं, पाण्यासकट तो आत खेचला जातो आणि दार बंद. आत खेचण्याचं काम एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत. वनस्पतिसृष्टीत याहून चपळ हालचाली फार थोड्या. आणि ही तुळशीच्या गणातली. तो गण मोठा आहे, त्यातच तिळाचं कूळ आहे, आणि अडुळशाचं कूळही, म्हणजे खालचं तिवरही. काकांच्या दोन पोटखराब्यांत एकाच गणाच्या दोन शाखा राहतात. एकीने मीठ निवडलं, दुसरीने उपास.

'निवडलं' हा शब्द चुकीचा, हे मला माहीत आहे. कोणी निवडत नाही. जे तगले त्यांची पोरं राहिली, एवढंच. पण मराठीत क्रियापद कर्ता मागतं.

अमेरिकन शास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश यांनी १९८४ साली सहकाऱ्यांबरोबर मांडलेला हिशेब इथं तंतोतंत बसतो. सापळ्याचं पान उन्हातून अन्न बनवायला कुचकामी असतं, म्हणून किडे धरणं परवडतं ते तीन अटी जुळल्या तरच: भरपूर ऊन, भरपूर ओल आणि नापीक जमीन. जमीन सुपीक केली तर साधं गवत फोफावतं, सापळेवाल्यांवर सावली धरतं आणि त्यांना संपवतं. म्हणजे त्यांना मारायला विष लागत नाही. चार पाट्या शेणखत पुरतं. डंपरभर माती तर नक्कीच.

हे मी काकांना तिथंच, कातळावर उभ्याने सांगितलं. त्यांनी खाली वाकून दवबिंदूला बोट लावलं, चिकटलेला तार ओढून बघितला. "सत्तर वर्षं इथनं जातोय," म्हणाले, "पण गुरामागनं. गुरामागनं जाताना माणूस गुराकडं बघतो." मग कलमांचा हिशेब केला: माती, पाणी वर चढवायचा पंप, माकडं. ते माझ्या बोलण्याने विरघळले असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. कर्ज मंजूर झालं, आणि ते त्यांनी वापरलं उघाडीची दारं बदलायला आणि बांध उचलायला, कारण त्या पावसात खाडीचं पाणी बांधावरून आलं होतं. कातळाचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. पुढचं वर्ष अजून यायचंय.

सातबाऱ्यावरच्या शब्दाशी माझं भांडण नाही. तलाठ्याने खरं तेच लिहिलंय: लागवडीस अयोग्य. तिवराने, कांदळाने आणि आसवांनी तो शेरा माणसाच्या आधी वाचला आणि ती जागा आपली केली. भांडण आहे ते 'अयोग्य'ला 'रिकामी' म्हणण्याशी. भराव घालणारे, माती पसरणारे आणि हौसेने रोपं लावायला येणारे, सगळे इथूनच चुकायला लागतात.

तुम्हाला जायचं असेल तर गौरी विसर्जनानंतर जा. साधं भिंग बरोबर ठेवा, खाडीवर उतरायच्या आधी पाण्याची वेळ गावात विचारा, आणि कांदळाची शेंग सुंदर दिसली तरी उचलून घरी आणू नका. सड्यावर चालताना खळगे टाळून उघड्या दगडावरून चाला. आणि घटस्थापनेच्या आत परत फिरा. नंतर तिथं नुसता काळा दगड असतो.